६३७ ची रेषा दिसत नाही म्हणून हिरा खोटा ठरत नाही

प्रश्नातली मांडणी आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ऐरोलीच्या एका कॉलेजात एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. ५३२ नॅनोमीटरचं, ५० मिलिवॅटचं हिरवं लेझर मॉड्यूल, २०एक्स ऑब्जेक्टिव्ह, डायक्रोइक आरसा, ५५० च्या खालचा प्रकाश अडवणारा रंगीत काचेचा लाँगपास फिल्टर आणि फायबरने जोडलेला यूएसबी स्पेक्ट्रोमीटर. नमुना म्हणजे एनव्ही (नायट्रोजन-व्हेकन्सी) केंद्रं, म्हणजे हिऱ्यातले चमकणारे दोष, असलेल्या मायक्रोडायमंडची पूड. कण साधारण एक मायक्रॉनचे, पुरवठादाराच्या कागदावर एनव्हीचं प्रमाण ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख अणूंमागे तीन. पूड काचेच्या कव्हरस्लिपवर इन्स्टंट ग्लूने चिकटवली आहे. आलेखात ५३२ ला उरलेलं लेझर, ५७३ च्या जवळ एक टोकदार शिखर, ६०० ते ८०० पर्यंत रुंद उंचवटा आणि ८०८ ला आणखी एक सुई. पुस्तकात एनव्हीची खूण म्हणून दिलेली ६३७ नॅनोमीटरची रेषा नाही, आणि रोजचा आलेख थोडा वेगळा येतो. सरांचं म्हणणं पूड खोटी आहे. शेवटी विचारलंय की दोन सिंगल-फोटॉन डिटेक्टर घेतले तर हा सिंगल-फोटॉन स्रोत, म्हणजे एका वेळी एकच फोटॉन सोडणारा, आहे असं सिद्ध करता येईल का.

या आलेखावरून पूड खोटी आहे असं म्हणता येत नाही. खरी आहे असंही म्हणता येत नाही. स्पेक्ट्रोमीटरपर्यंत पोचलेल्या प्रकाशातला किती नमुन्यातून आला आणि किती लेझर, काच, गोंद, फिल्टर आणि फायबर यांनी स्वतः तयार केला, हे अजून ठरलेलंच नाही. तुमचा खरा प्रश्न तो आहे. तो सुटला की पुडीचा निकाल लावायला वेळ लागत नाही.

आधी ६३७ बद्दल. हिऱ्याच्या जाळीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी, हे एनव्ही केंद्र. त्याच्या ऋणभारित रूपाची शून्य-फोनॉन रेषा, म्हणजे जाळीच्या कंपनांना काही ऊर्जा न देता निघणारा प्रकाश, ६३७ नॅनोमीटरला असते, भाररहित रूपाची ५७५ ला. पण एनव्हीमधून निघणाऱ्या शंभर फोटॉनपैकी जेमतेम तीन-चार या शून्य-फोनॉन रेषेत येतात. बाकीचे जाळीच्या कंपनांना थोडी ऊर्जा देऊन तांबड्याकडे सरकतात, आणि त्यांचाच ६४० ते ८०० मध्ये रुंद उंचवटा बनतो. खोलीच्या तापमानाला ती मूळ रेषाही काही नॅनोमीटर रुंद होते. कणांमधल्या अंतर्गत ताणामुळे ती आणखी पसरते. त्यामुळे चांगल्या पुडीतसुद्धा खोलीच्या तापमानाला ६३७ ला सुई मिळत नाही, चढणीवरचा एक छोटा खांदा मिळतो. पुस्तकात छापलेली टोकदार रेषा बहुतेक वेळा द्रव नायट्रोजन किंवा द्रव हेलियमच्या तापमानाला घेतलेली असते, आणि चित्राखालची ती ओळ वाचायची राहून जाते.

त्या खांद्याचाही मागमूस नसेल तर स्पेक्ट्रोमीटरच्या स्लिटकडे बघा. ६०० रेषांची ग्रेटिंग आणि २५ मायक्रॉनची स्लिट असेल तर अशा उपकरणाचं विभेदन, म्हणजे जवळच्या दोन रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, साधारण दीड नॅनोमीटर असतं, ते पुरतं. पण बऱ्याच लॅबमध्ये जास्त प्रकाश मिळावा म्हणून स्लिट काढून टाकलेली असते. मग फायबरचा गाभाच स्लिटचं काम करतो. २०० मायक्रॉनच्या गाभ्याला विभेदन दहा नॅनोमीटरपर्यंत घसरतं आणि खांदा उंचवट्यात विरून जातो. तुमचा फायबर कोणता आहे ते प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि उत्तर बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

आता एकेक शिखर घेऊ.

८०८ ची सुई नमुन्याची नाही. स्वस्त हिरव्या मॉड्यूलमध्ये ८०८ नॅनोमीटरचा डायोड असतो, तो निओडिमियमच्या स्फटिकातून १०६४ काढतो आणि केटीपी स्फटिक त्याचं ५३२ करतो. चांगल्या मॉड्यूलमध्ये शेवटी अवरक्त अडवणारा फिल्टर असतो, स्वस्तात तो वगळतात. मग ८०८ आणि १०६४ दोन्ही बाहेर पडतात. तुमचा स्पेक्ट्रोमीटर १००० च्या आसपास थांबत असेल, म्हणून १०६४ दिसलं नाही एवढंच. यात आलेखापेक्षा मोठा धोका डोळ्यांना आहे. ५० मिलिवॅट म्हणजे वर्ग ३बी, आणि फक्त हिरव्यासाठी असलेला नारिंगी चष्मा ८०८ आणि १०६४ अडवेलच असं नाही. चष्म्यावर छापलेले आकडे वाचा, त्यात ५३२, ८०८ आणि १०६४ तिन्ही हवेत. उपाय सोपा: लेझर नमुन्याकडे जाण्याआधीच त्याच्या वाटेत अवरक्त शोषणारी काच आणि ५३२ चा अरुंद बँडपास फिल्टर बसवा. स्पेक्ट्रोमीटरपुढे फिल्टर वाढवत बसण्यापेक्षा उगमाशीच बंदोबस्त केलेला बरा.

५७३ चं शिखर मात्र चांगली खूण आहे. लेझरचा प्रकाश विखुरताना पदार्थाच्या कंपनांना ठरावीक ऊर्जा देऊन जेवढा सरकतो, ती रामन रेषा. हिऱ्याची रामन रेषा लेझरपासून १३३२ प्रति सेंटिमीटरवर असते. रामन परिणामाचा शोध १९२८ चा, आणि हिऱ्याची ही रेषा १९३० मध्ये सी. रामस्वामी यांनी नोंदवली. हिशोब असा: ५३२ नॅनोमीटर म्हणजे १८,७९७ प्रति सेंटिमीटर. त्यातून १३३२ वजा केले की १७,४६५, म्हणजे ५७२.६ नॅनोमीटर. तुमच्या कव्हरस्लिपवर हिरा आहे याचा हा बऱ्यापैकी भक्कम पुरावा. त्यात एनव्ही आहेत की नाहीत हे मात्र ही रेषा सांगत नाही.

अडचण अशी की ५७२.६ आणि भाररहित एनव्हीची ५७५ ची रेषा अगदी शेजारी आहेत. दीड नॅनोमीटर विभेदनाच्या उपकरणात दोन्ही मिसळतात आणि रामन रेषेलाच एनव्ही म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. लेझर बदलून हे सोडवता येतं. ५२० नॅनोमीटरचं साधं डायोड मॉड्यूल घ्या. ते थेट डायोडच असल्याने ८०८ आणि १०६४ ची भानगड नाही. रामन रेषा लेझरबरोबर सरकून ५५८.७ च्या जवळ जाईल, एनव्हीची ५७५ आणि ६३७ जागच्या जागी राहतील. स्वस्त डायोडची तरंगलांबी तापमानाबरोबर हलते आणि लिहिलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच नॅनोमीटर इकडेतिकडेही असते, म्हणून ती आधी मोजा आणि मग हिशोब करा.

रुंद उंचवट्याबद्दल मला सर्वांत जास्त शंका आहे, कारण तो गोंदाचाही असू शकतो. इन्स्टंट ग्लू, नेलपॉलिश, साधी काच, ऑब्जेक्टिव्हवरचा बोटांचा डाग, हे सगळं हिरव्या प्रकाशात नारिंगी-तांबडं चमकतं. त्यात तुमचा लाँगपास रंगीत काचेचा आहे. असे फिल्टर हिरवा प्रकाश शोषून स्वतःच तांबडा सोडतात. म्हणजे लेझर अडवायला बसवलेली वस्तूच खोटा स्पेक्ट्रम तयार करते. नमुन्याच्या बाजूला आधी इंटरफेरन्स लाँगपास, त्याच्या मागे रंगीत काच, हा क्रम पाळा. पहिला फिल्टर हिरवं परत फेकतो, त्यामुळे काचेपर्यंत चमकण्याइतकं काही पोचत नाही. इंटरफेरन्स फिल्टर समांतर किरणांतच ठेवा. तिरक्या किरणांना त्याची कड निळ्याकडे सरकते आणि ५३२ गळायला लागतं.

गोंद सोडून द्या. पूड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये मिसळून दहा मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा आणि एक थेंब सिलिकॉन वेफरच्या तुकड्यावर वाळवा. कण आपोआप चिकटून राहतात. सिलिकॉनची स्वतःची रामन रेषा ५३२ ने ५४७ ला येते, ती तुमच्या फिल्टरच्या अलीकडेच राहते, आणि त्यापुढे दृश्य भागात त्याची चमक जवळपास नसते. मग चार नोंदी घ्या: लेझर बंद, कोरा वेफर, साधी एनव्ही नसलेली हिऱ्याची पॉलिशिंगची पूड, आणि तुमची पूड. चौघांना तेवढंच लेझर, तेवढाच वेळ, तोच फोकस. साधी पूड आणि तुमची पूड यांतला फरक हाच तुमचा निष्कर्ष. त्याआधी कशालाही नाव देऊ नका.

रोजचा आलेख वेगळा का येतो? मुख्य कारण लेझर. या मॉड्यूलमध्ये तापमानावर नियंत्रण नसतं. एसीचा झोत थेट त्यावर येत असेल तर कॉम्प्रेसर चालू-बंद होईल तशी पॉवर काही मिनिटांत दहा-वीस टक्के सहज हलते. अर्धा तास तापू द्या, झोत अडवा, आणि काचेच्या पट्टीने थोडा प्रकाश वळवून एका फोटोडायोडवर सतत मोजत राहा. प्रत्येक स्पेक्ट्रमला त्या आकड्याने भागा. दुसरं कारण, तुम्ही फार जास्त पॉवर टाकताय. ५० मिलिवॅट दोन मायक्रॉनच्या ठिपक्यात कोंबले तर तीव्रता चौरस सेंटिमीटरला दहा लाख वॅटच्या पुढे जाते. गोंद जळतो, पूड तापते आणि ऋणभारित एनव्हीपैकी काही भाररहित होतात, म्हणजे स्पेक्ट्रमचा आकारच बदलतो. न्यूट्रल (सगळे रंग सारखेच मंदावणारा) फिल्टर लावून नमुन्यावर एक ते पाच मिलिवॅटच राहू द्या. त्यातच एक फुकटची चाचणीही होते. एकाच जागी दहा मिनिटं लेझर धरा. गोंदाची आणि घाणीची चमक हळूहळू उतरते, एनव्हीची उतरत नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण खाडीकाठी जून ते सप्टेंबर ऑप्टिक्सवर बुरशी धरणं हे नेहमीचं आहे. ऑब्जेक्टिव्ह आणि फिल्टर रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, डब्यात स्वस्त आर्द्रतामापक टाका आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. बुरशीचे धागे लेझर विखुरतात, त्यामुळे पार्श्वभूमी वाढते आणि ती वाढ सगळीकडे सारखी नसते.

तरंगलांबीची पट्टी तपासायला महागडा दिवा लागत नाही. जुन्या स्विचबोर्डावरचा नारिंगी इंडिकेटर म्हणजे निऑनचा दिवा. ठाणे स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात रोधासकट बंद डबीतला मिळतो. तो तसाच वापरा, उघड्या तारांचा जुगाड नको, कारण तो घरच्या २३० व्होल्टवर चालतो. निऑनच्या रेषा ५८५.२, ६१४.३, ६३८.३, ६४०.२, ६९२.९ आणि ७०३.२ ला येतात, म्हणजे बरोबर तुमच्या कामाच्या भागात. ६३८.३ आणि ६४०.२ ही जोडी वेगळी दिसते का, यावरून विभेदनाचाही अंदाज लगेच येतो. ती जोडी एकच ढिगारा दिसत असेल तर ६३७ च्या खांद्याची आशा धरू नका. दागिन्यातला कृत्रिम माणिक मिळाला तर तोही ठेवून बघा. त्याच्या ६९२.८ आणि ६९४.३ च्या दोन रेषा हिरव्या लेझरने झटकन उठतात आणि पूर्ण मांडणी, म्हणजे ऑब्जेक्टिव्हपासून फायबरपर्यंत, नीट जुळली आहे का ते कळतं. निऑनचा दिवा फायबरच्या तोंडाशी धरून ही खात्री होत नाही.

या सगळ्यानंतर जी चाचणी मला निर्णायक वाटते तिला स्पेक्ट्रोमीटरचं विभेदनच लागत नाही. तिला लागतं एक निओडिमियम चुंबक.

ऋणभारित एनव्हीचा फिरकीशी संबंध आहे. हिरव्या प्रकाशात इलेक्ट्रॉन शून्य फिरकीच्या अवस्थेत गोळा होतात आणि ती अवस्था जास्त उजळ असते. एनव्हीच्या अक्षाला तिरकं, काही दहा मिलिटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लावलं की या अवस्था एकमेकींत मिसळतात. मग जास्त इलेक्ट्रॉन न चमकणाऱ्या वाटेने परत येतात आणि तांबडा प्रकाश कमी होतो. पुडीत कण सगळ्या दिशांना वळलेले असल्याने बहुतेक एनव्हींना क्षेत्र तिरकंच पडतं, त्यामुळे काही जुळवाजुळव न करता घट मिळते. ती काही टक्के ते दहा टक्क्यांच्या आसपास असते. गोंद, काच, फिल्टर यांच्या चमकेला चुंबकाशी काही देणंघेणं नाही.

करायचं असं. वीस मिलिमीटर व्यासाचा, दहा मिलिमीटर जाडीचा चुंबक ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा, म्हणजे नमुन्यापासून पाच ते दहा मिलिमीटरवर सरकवता येईल आणि पुन्हा तेवढाच दूर नेता येईल. एवढ्या अंतरावर साधारण शंभर ते दोनशे मिलिटेस्ला क्षेत्र मिळतं. अशी सरकपट्टी रबाळे-महापेच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सहज करून मिळते. ६५० ते ८०० मधल्या सगळ्या पिक्सेलची बेरीज घ्या, पार्श्वभूमी वजा करा, लेझरच्या फोटोडायोडच्या आकड्याने भागा. चुंबक आत, चुंबक बाहेर, असं किमान दहा वेळा, प्रत्येक स्थितीत दहा सेकंद. आलेखात पायऱ्या दिसल्या पाहिजेत.

फसगत होते ती यांत्रिक कारणांनी. स्टेजमध्ये स्टीलचे स्क्रू असतात, ऑब्जेक्टिव्हच्या आत स्प्रिंग असू शकते. चुंबक जवळ आला की ते किंचित खेचले जातात, फोकस हलतो आणि सिग्नल पडतो. तो पडलेला सिग्नल चुंबकीय परिणाम वाटतो. म्हणून दोन पडताळण्या करायच्याच. पहिली, चुंबकाच्या जागी तेवढाच पितळेचा तुकडा सरकवून बघा, काही बदलता कामा नये. दुसरी जास्त महत्त्वाची: नमुन्याच्या जागी माणिक ठेवून खऱ्या चुंबकाने तीच मालिका घ्या. माणिकाची एकूण चमक एवढ्या क्षेत्राने हलत नाही. तीही पडली तर तुमचा फोकस हलतोय. माणिक स्थिर आणि पूड पाच टक्के खाली, असं आलं तर पुडीत एनव्ही आहेत, सरांना आलेख दाखवा.

६३७ ची रेषाच दाखवायची असेल तर थंड करणं हा सरळ मार्ग आहे. पूड तांब्याच्या पट्टीवर वाळवून थर्माकोलच्या डब्यातल्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवा. ७७ केल्विनला रेषा अरुंद होऊन उंचवट्यातून वर येते. पावसाळ्यात हवेतला ओलावा डब्यावर बर्फ धरतो आणि सिग्नल दर मिनिटाला घसरतो, तेव्हा मोजणी झटपट उरका. खिडकी उघडी ठेवा. एक लिटर द्रवाचा साधारण सातशे लिटर वायू होतो, आणि बंद एसी खोलीत प्राणवायू कमी झाल्याचं माणसाला जाणवत नाही.

आता सिंगल फोटॉन. इथे माझं मत स्पष्ट आहे: या पुडीसाठी डिटेक्टर घेऊ नका. एक फोटॉन एका वेळी येतो हे स्पेक्ट्रम कधीच सांगू शकत नाही. त्यासाठी हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांच्या १९५६ च्या पद्धतीने प्रकाश दोन डिटेक्टरमध्ये वाटून, एकाच क्षणी दोन्ही किती वेळा वाजतात ते मोजतात. त्यातून निघणारं जी-टू हे प्रमाण, दोन वाजण्यांमधलं वेळेचं अंतर शून्य असताना, अर्ध्याच्या खाली आलं तरच एकच उत्सर्जक म्हणता येतो. १९७७ मध्ये किंबल, डेजनाय आणि मँडेल यांनी सोडियमच्या अणूंवर शून्याजवळ जी-टू खाली येण्याची ही दरी पहिल्यांदा दाखवली, आणि २००० पर्यंत हिऱ्यातल्या एकट्या एनव्हीवर खोलीच्या तापमानालाही ती दाखवून झाली होती. पण एन इतके सारखे उत्सर्जक एकत्र असतील तर दरीची खोली फक्त एक भागिले एन एवढी असते. तुमच्या एका मायक्रॉनच्या कणात ३ पीपीएमने किती एनव्ही? हिऱ्यात घन सेंटिमीटरला १.७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कार्बन अणू असतात. गोल कण धरला तर आकडा पावणेतीन लाखांच्या घरात जातो. एवढी उथळ दरी कोणताही डिटेक्टर दाखवणार नाही.

समजा उद्या तीस-चाळीस नॅनोमीटरचे, एक-दोन एनव्हीचे कण मिळाले, तरी पार्श्वभूमी आडवी येते. एकूण मोजणीत खऱ्या सिग्नलचा वाटा ७० टक्के असेल, तर खरोखर एकटा एनव्ही असूनही जी-टू एक वजा ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.५१ वर अडकतं. दावा हुकला. म्हणून वर गोंद आणि फिल्टरबद्दल एवढं लिहिलं. वेळेचाही हिशोब करून बघा: दोन्ही डिटेक्टरवर सेकंदाला ५०,००० मोजणी, एक नॅनोसेकंदाचा वेळेचा कप्पा आणि दहा मिनिटं, यातून एका कप्प्यात सरासरी १५०० योग, म्हणजे दोन्ही डिटेक्टर एकदम वाजण्याच्या वेळा, जमतात, ते पुरेसे आहेत. मोजणी ५,००० वर आली तर तेवढ्याच वेळात १५ जमतात, आणि त्यातून दरी वाचता येत नाही. शिवाय सिलिकॉन डिटेक्टर फोटॉन पकडताना स्वतःही किंचित अवरक्त चमकतो. ती चमक दुसऱ्या डिटेक्टरवर पोचली तर शून्याच्या दोन्ही बाजूंना खोटी शिखरं उभी राहतात. त्यासाठी प्रत्येक डिटेक्टरपुढे ७५० च्या वरचं अडवणारा फिल्टर लावतात.

असा एक डिटेक्टर लाखांच्या घरात जातो. त्यापेक्षा त्याच पुडीवर मायक्रोवेव्हची मोजणी करा. लॅमिंग्टन रोडवर सिंथेसायझर बोर्ड आणि ॲम्प्लिफायर चौकशी करून मिळतात. तांब्याच्या तारेचा छोटा वेढा नमुन्याजवळ ठेवायचा आणि वारंवारिता २.७ ते ३.० गिगाहर्ट्झमध्ये फिरवायची. २.८७ ला एनव्हीची फिरकी कमी उजळ अवस्थेत जाते आणि तांबडा प्रकाश खाली येतो. तापमान वाढलं की ही जागा अंशाला सुमारे ७४ किलोहर्ट्झने खाली सरकते, म्हणजे हीटरवर ठेवून तापमापक म्हणून प्रोजेक्ट पूर्ण होतो. क्वांटमचा भाग त्यात खरा आहे, आणि लाखो एनव्ही एकत्र असणं इथे सोयीचंच ठरतं. एकट्या एनव्हीवरच काम करायची इच्छा असेल तर ऐरोलीचा पूल ओलांडला की पवई आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशनमधलं सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. सरांच्या पत्रासह तिथे विचारणा करा.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा फायबरच्या गाभ्याचा आकडा, नमुन्यावर प्रत्यक्ष मोजलेली पॉवर, निऑनचा स्पेक्ट्रम, आणि चुंबकाच्या दोन मालिका, एक पुडीची आणि एक माणिकाची, सोबत टाका. एवढं असलं की पूड परत पाठवायची की नाही ते सांगता येईल.